बिनमिठाचा पेरू

दादा,

आज सकाळी मागच्या अंगणात तुझी खुरपी चालल्यासारखी वाटली. खर्र, खर्र, मग थोडा थांबा, मग परत खर्र. मधला थांबा तुझ्या धापेचा. मी साखरझोपेतच ओरडले, "अरे, स्वेटर घातलास का?" आणि माझ्याच आवाजाने जागी झाले. पलीकडच्या भाभी त्यांची फरशी घासत होत्या, दुसरं काही नाही. खिडकीबाहेर धुकं होतं आणि त्यात पेरूचं झाड निम्मंच दिसत होतं. मी उठले नाही. म्हटलं, जाने दे, अजून पाच मिनिटं तू मागे आहेस असंच धरून चालू.

तुला जाऊन दीड महिना झाला. तू रेल्वेत किती वर्षं काढलीस, कुठून निवृत्त झालास, हे सगळं तुझ्या मिलिंदने पेपरात दिलं होतं, फोटोसकट. फोटोत तू टाय लावलेला. मी म्हटलं, अरे, तुझ्या बाबाने आयुष्यात दोनदा टाय लावला असेल, तुला नेमका तोच फोटो सापडला? पण पोरगा पुण्याहून धावत आला होता, रामघाटावरचे सगळे विधी त्याने मन लावून केले होते, म्हणून पुढे काही बोलले नाही. जाताना म्हणाला, "आत्या, चल माझ्याकडे. इथे एकटी काय करणार?" मी म्हटलं, बघू. खरं कारण त्याला सांगितलं नाही. तुझ्याशी एक गोष्ट बोलायची राहिली होती, आणि ती या घरातच बोलता येण्यासारखी होती.

तर ऐक. चैत्रात त्या झाडाला पाणी मी घातलं. पाऊसबिऊस काही पडला नव्हता. तीन वर्षं तू ज्या पेरूची वाट बघत होतास, तो माझ्यामुळे हुकला. झालं सांगून. आता पहिल्यापासून बोलते, कारण घाईत सांगितलेलं तुला कधीच पटलं नाही.

तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी तुझं मीठ तोडलं. हृदय थकलंय, अंगात पाणी साठतंय, तेव्हा मीठ बंद आणि पाणी मोजून. दवाखान्यात तू शहाण्या मुलासारखी मान हलवलीस. घरी येताना रिक्षात मात्र हळूच विचारलंस, "नलू, मग जाम कसा खायचा?"

घरात आपण पेरू म्हणतो आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की जाम. सात पिढ्या उज्जैनात काढल्यावर जीभ अशी दुहेरी होणारच. पण पेरू म्हणा की जाम म्हणा, आपल्याकडे तो कुणी नुसता खाल्ला नव्हता. आई पेरू उभा चिरायची, देठाशी जोडलेलाच ठेवायची, आणि फटींमध्ये काळं मीठ नि लाल तिखट बोटाने दाबून भरायची. शाळेतून आलं की तो हातात. तू मीठ आधी चाटून टाकायचास आणि मग माझ्या पेरूतलं मागायचास, अगदी निर्लज्जपणे. म्हणून मी रिक्षातच म्हटलं, "कसा खायचा म्हणजे? नाही खायचा. बिनमिठाचा पेरू म्हणजे ओला भुसा."

रिक्षा देवास गेटपर्यंत आली. मग म्हणालास, "पेरूत काही कमी असतं म्हणून मीठ लागतं. झाडाला नीट खायला घातलं, तर वरून काही लागायचं नाही."

"डोंबलाचं लागायचं नाही!" मी म्हटलं. रिक्षावाल्याने आरशात बघितलं. तिथून आपलं भांडण सुरू झालं ते तीन वर्षं चाललं. मी लग्न केलं नाही, पण वहिनी गेल्यावर तुझ्याकडे राहायला आले आणि संसारातली भांडणं सगळी तुझ्याशी करून घेतली.

आपल्या झाडाची तेव्हाची दशा आठवते ना? नानाखेड्याची ही आपली गल्ली मुरूम आणि मलबा टाकून भरलेल्या जागेवर उभी. पेरू यायचे लिंबाएवढे, आत नुसत्या बिया, पोपटसुद्धा एक चोच मारून सोडून द्यायचे. मी म्हटलं, युरिया आण, दोन मुठी टाक, महिन्यात झाड हिरवंगार. तू म्हणालास, "हिरवं होईल गं. गोड नाही होणार. आधी माती जिवंत करायला पाहिजे." मी म्हटलं, "स्वतःचं वय बघ, तब्येत बघ, आणि तुला मातीपासून सुरुवात करायची आहे!" हे मी तुझ्या तोंडावर बोलले, दादा. माझ्या जिभेला हाड नाही हे तू नेहमी म्हणायचास. आज त्या वाक्याची फार लाज वाटते.

तू बाकी बधला नाहीस. स्टूल घेऊन झाडाखाली बसलास आणि जिथे फांद्यांची सावली संपते तिथून गोल चर खणायला घेतलास. रोज वीतभर. मी बुंध्याकडे बोट दाखवून म्हटलं, "खत तिकडे घाल की." तू म्हणालास, "बुंधा म्हणजे झाडाचं पोट. तोंडं इथे असतात, लांब, मुळांच्या टोकाला." चरातून काय काय निघालं! फरशीचे तुकडे, तारा, एक लहान मुलाची चप्पल. तू ती चप्पल धुऊन कठड्यावर ठेवलीस, कुणी मागायला येईल म्हणून. अजून आहे ती तिथे.

मग गीताबाई घरात शिरली. गल्लीच्या टोकाला दोन गाई बांधणारी, तोंडाने माझ्याही वरची. तू तिच्याकडे वर्षभर कुजलेलं शेण मागितलंस तर ती कपाळावर हात मारून म्हणाली, "दादाजी, सारी दुनिया ताज़ा गोबर माँगती है, आप सड़ा हुआ माँगते हो!" तू तिला शांतपणे समजावलंस, "ताज़े में गरमी होती है, बाई. जड़ जल जाएगी." ती ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी परत तेच विचारायची. मला वाटतं, तिला तुझं बोलणं ऐकायला आवडायचं. तुझ्या तेराव्याला ती दारापर्यंत आली, आत आली नाही. पाटीभर जुनं शेणखत कठड्याशी ठेवून गेली.

आणि ते निर्माल्य! कोपऱ्यावरच्या देवळातून पुजारी रोज पिशवीभर पाठवायचा, झेंडू, गुलाब, बेलाची पानं. हे सगळं झाडाला घालायचं, पण आधी निवडून. थंडीतली दुपार, ओट्यावर ऊन, तू मांडीवर सुपलं घेऊन बसलेला. सुरुवातीला मी दारातूनच नाक मुरडायचे. मग एक दिवस तुला टाचणी टोचली, म्हणून मी शेजारी बसले, आणि मग बसतच गेले. तू हारांचा दोरा ओढायचास, मी टाचण्या नि चमकीचा कागद वेगळा काढायचे. पाकळ्यांचा ढीग वाढत जायचा. उन्हाने आणि त्या वासाने दोघांनाही गुंगी यायची. मध्येच तू आईबद्दल काही तरी म्हणायचास आणि वाक्य अर्धं टाकून डुलकी घ्यायचास. जागा झालास की तिथूनच पुढे सुरू. तसल्या दुपारी मला वाटायचं की आपण दोघं अजून शाळेतून आलेलोच आहोत आणि आई आत पेरू चिरते आहे. इतकी सुखी मी त्याआधी कधी होते, आठवत नाही. तेव्हा बोलले नाही. तेव्हा बोलायचे ते फक्त जीवामृताबद्दल.

जीवामृत! निळ्या पिंपात शेण, गोमूत्र, मूठभर माती, आणि गूळ नि बेसन. माझ्या डब्यातलं बेसन! "माणसाला लाडू बंद आणि झाडाला गूळ-बेसन. डोहाळजेवण आहे का त्याचं?" तू काठीने पिंप ढवळत हसायचास. सकाळ-संध्याकाळ, एकाच दिशेने, अगदी सावकाश. वास असा की भाभींनी त्यांची खिडकी कायमची लावून घेतली. चौथ्या-पाचव्या दिवशी ते पाण्यात कालवून आळ्यात ओतायचास आणि वर वाळक्या पानांचं पांघरूण. "मातीला उघडं ठेवायचं नाही," म्हणायचास. परवा ते रिकामं पिंप उघडून मी आत तोंड घालून वास घेतला. काही उरलेला नव्हता.

तुझ्या एका गोष्टीला मात्र मी कधी शिवले नाही, ती म्हणजे गांडुळं. पाण्याच्या टाकीमागे, भिंतीलगत, तू विटांचा हौद केलास, त्यात शेण, पालापाचोळा, भाज्यांची देठं, आणि त्या वळवळ्या मंडळींना सोडलंस. मी स्पष्ट सांगितलं, "टाकीच्या मागे मी पाऊल टाकणार नाही. मेले तरी नाही." तू म्हणालास, "बरं." भाज्यांच्या साली जमल्या की मी टाकीपर्यंत आणून द्यायचे आणि तू मागे घेऊन जायचास. सीमेवरची देवाणघेवाण.

पहिल्या वर्षी काहीच फरक नाही. मी टोमणे मारून घेतले. दुसऱ्या वर्षी तू एक नवीनच खूळ काढलंस, ताण. होळी झाली आणि तू झाडाचं पाणी तोडलंस. उन्हाळाभर थेंब नाही. पानं पिवळी पडली, गळायला लागली, आलेली फुलंही गळाली. मी तुझ्यामागे लागले, "अरे, मारतोस का त्याला?" तू समजावलंस की उन्हाळ्यात पाणी मिळालं तर ही फुलं धरतात आणि पावसाळ्यात फळ येतं, पाणचट, किडकं. ती जाऊ दिली, झाडाला जरा विश्रांती दिली, आणि मृगाच्या सुमाराला आळं खणून पोटभर खत नि पाणी दिलं, की नवी फूट येते, तिच्यावर फुलं येतात, आणि मग थंडीत जे फळ येतं ते खरं. "त्याला तहान लागू दे, नलू. नंतर मी देणारच आहे ना."

त्या हिवाळ्यात पेरू आले. मुठीएवढे, पिवळसर, नखाने टोचलं तर सुगंध. तू एक फोड खाल्लीस, डोळे मिटून. मी विचारलं, "मग? लागतं का मीठ?" तू बराच वेळ चघळत राहिलास आणि म्हणालास, "चिमूटभर. अजून एक वर्ष." दुसरा कुणी असता तर जिंकलो म्हणाला असता. तुझा हा प्रामाणिकपणा मला सहन व्हायचा नाही. मी मुद्दाम तुझ्यासमोर बसून मीठ-तिखट लावून आख्खा पेरू खाल्ला. तू बघून हसलास, पण जीभ ओठांवरून फिरली तुझी. मी बघितलं ते.

आता हे वर्ष.

फाल्गुनात तू झाडाचं पाणी तोडलंस आणि चैत्रात तुला इंदूरला ठेवावं लागलं. परत आलास तो निम्मा होऊन. पाणी अजून कमी केलेलं. दिवसभरात मोजकी फुलपात्री, तीही माझ्या हातून, कारण डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं की यांनी मागितलं तरी द्यायचं नाही. तुझी खाट मागच्या खोलीत हलवली, खिडकीतून झाड दिसावं म्हणून. तिथे तू, आणि बाहेर ते. दोघंही कोरडी.

एका दुपारी तू मागितलंस. "नलू, अर्धं दे."

"नाही."

"घोटभर."

"दादा, नको ना मागू. मला नाही देता येत."

तू म्हणालास, "बरं." काही रागावला नाहीस. उलट मलाच म्हणालास, "तू जेवलीस का?" आणि भिंतीकडे तोंड करून पडलास. रागावला असतास तर बरं झालं असतं. मी आयुष्यभर वर्गात पोरांना नाही म्हणत आले, कधी काही वाटलं नाही. पण भावाने पाणी मागावं आणि भरलेला माठ शेजारी असताना आपण नाही म्हणावं! मी मागच्या दाराने बाहेर गेले. झाडाची पानं लोंबत होती. फुलं होती चार-सहा फांद्यांवर, सुकत चाललेली. मला एकदम असह्य झालं. मी नळी आणली आणि आळ्यात सोडून दिली. माती इतकी तापलेली की पाणी पडताच चर्र झालं, मग बुडबुडे, मग बराच वेळ नुसती झुळझुळ. मी तिथेच उभी राहून रडून घेतलं. तुला देता येत नव्हतं म्हणून त्याला दिलं, दादा. एवढंच कारण. त्यात अक्कल नव्हती.

दुसऱ्या दिवशी परत दिलं, तिसऱ्या दिवशीही. चैत्र संपेपर्यंत रोज दुपारी, तुला झोप लागली की. तू एकदा संध्याकाळी म्हणालास, "हल्ली दुपारी झोप छान लागते. कुठे तरी पाणी वाहतंय असं स्वप्न पडतं. शिप्रेत पाय सोडून बसल्यासारखं." मी म्हटलं, "चांगलं आहे की. बघ स्वप्नं." आणि चहाचं निमित्त करून उठले.

वैशाखात तू काठी टेकत अंगणात आलास. पाचोळा बाजूला करून मातीत बोट घातलंस. फुलं धरलेली, कळीएवढे पेरू दिसायला लागलेले. "ओल कशी गं?"

"अवकाळी पडला ना," मी म्हटलं. "तू इंदूरला होतास तेव्हा. चांगला तासभर."

"असेल," तू म्हणालास. मग टाकीमागे गांडुळांकडे गेलास आणि बराच वेळ तिकडेच होतास. त्यानंतर पंधरा दिवस तू रोज तिकडे जायचास. आळ्यात शेणखत, निंबोळीची पेंड, हौदातलं काळं गांडूळखत, सगळं मृगाच्या आधी घातलंस, काही झालंच नाही अशा थाटात. मी पाट्या उचलून दिल्या. तुला कळलं असेल का, या विचाराने मला घास गोड लागत नव्हता.

श्रावणात पेरू आले. झाड लगडलं. दिसायला गलेलठ्ठ, आत पाणी, निम्म्यांमध्ये अळ्या. त्यातला बरा बघून एक फोड तुला दिली. खाल्लीस. "पाणचट आहे," एवढंच म्हणालास, आणि दुसरी फोड मागून घेतलीस. ती कशाला मागितलीस रे? मी त्या दिवशी सांगणार होते. तोंडापर्यंत आलं होतं. पण तू म्हणालास, "तो अवकाळी फार वाईट पडला," आणि मी म्हटलं, "हो ना."

त्याच सुमाराला मी माझी भैरवगढची चादर शोधत होते, लाल-काळ्या बुट्ट्यांची. ती तुझ्या उशीखाली मिळाली, फाडलेली. तू सुई-दोरा घेऊन हातभर टाके घालत होतास, छोट्या छोट्या पिशव्या. मी भडकले, "माझी चादर! काय पोरखेळ मांडलायस?" तू म्हणालास, "जुनी झाली होती. बी ठेवायला होतील." मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. दोन दिवस, दादा. आपल्याकडे तेव्हा किती उरले होते, ते मला ठाऊक असतं तर तुला घरातल्या सगळ्या चादरी दिल्या असत्या.

दिवाळीच्या आधी तुझं बोलणं तुटक झालं. एकदा माझा हात धरून म्हणालास, "दिवाळी होऊ दे. मग पेरू खाऊ. मीठ न लावता." झाडावर पान होतं, फळ एक नव्हतं. श्रावणातच सगळा भर ओसरलेला. मला वाटलं, तुला भ्रम झालाय. मी म्हटलं, "हो रे, खाऊ." आणि मान वळवली, कारण माझ्यामुळे झाड रिकामं होतं आणि तू त्याच्याकडे बघत पेरूची वाट पाहत होतास. दिवाळी झाली. भाऊबीजेला ओवाळलं तुला, पडल्या पडल्या. त्यानंतर चौथ्या दिवशी पहाटे तू गेलास.

हे ओझं घेऊन मी दीड महिना फिरते आहे.

आज उठले, चहा केला, आणि साली टाकायला टाकीपर्यंत गेले. सवयीने तिथे ठेवल्या. आणि मग लक्षात आलं की पलीकडून घ्यायला कुणी नाही. तू गेल्यापासून त्या गांडुळांना कुणी काही घातलंच नव्हतं. त्यांची एवढी दया मला कधी आली नसती, पण ती तुझी माणसं. म्हटलं, चल नलिनीबाई, आता कसली सीमा. पदर खोचला आणि टाकीमागे पाऊल टाकलं.

आधी वास आला. पेरूचा. मला वाटलं, हा पण भास. मग वर बघितलं.

भिंतीकडे वाकलेली ती एक फांदी, टाकीच्या आडून घरातून कधी न दिसणारी. तिला माझ्या चादरीच्या पिशव्या बांधलेल्या. लाल-काळ्या बुट्ट्यांच्या, हातभर टाक्यांच्या सात पिशव्या, धुक्याने ओल्या झालेल्या, भरलेल्या. त्या फांदीच्या सगळ्या काड्यांची टोकं तिरकी कापलेली, कापावर तुझा शेण-मातीचा लेप वाळलेला. वैशाखात, मी अवकाळीची थाप मारल्यावर, तू इथे येऊन या एका फांदीवरची माझी फळं उतरवलीस, शेंडे छाटलेस, म्हणजे तिला नवी फूट यावी आणि थंडीत तिच्यावर तुझा पेरू यावा. बाकीचं सगळं झाड तू तसंच ठेवलंस. ते माझ्या पाण्यावर सोडलंस. एवढं खुडणंसुद्धा तुला धाप लागून किती सकाळी पुरलं असेल! आणि भाद्रपद-आश्विनात काठी टेकत जाऊन एकेक पिशवी बांधलीस, आणि मी चादरीसाठी भांडत होते. भ्रम तुला नव्हता झाला. मला दिसत नव्हतं.

मी हौदाच्या काठावर बसले. गांडुळं पायाशी होती, असू देत. हमसून हमसून रडले. मग हसायलाही आलं, कारण भाभींनी चक्क ती कायमची लावलेली खिडकी उघडून विचारलं, "दीदी, क्या हुआ?" मी म्हटलं, "कुछ नहीं, जाम आया है."

एक पेरू उतरवला. घरात नेऊन आईसारखा चिरला, देठाशी जोडलेला. आत गुलाबीसर, बिया थोड्या, आणि असा वास की तुझ्या फोटोसमोरची उदबत्ती हरली. मिठाची वाटी शेजारी ठेवली होती. मी हट्टी आहे, तुला ठाऊक आहे. एक फोड नुसती खाल्ली. मग दुसरी. वाटीकडे हात गेला तो चौथी संपल्यावर, आणि मग कशाला लावणार? वाटी होती तशी फडताळात ठेवली. जिंकलास तू, घे. तीन वर्षांत हे ऐकायला तू किती तरसला असशील, आणि मी मेली म्हणते कधी, तर आज.

एक गीताबाईला दिला. तिने वास घेऊन विचारलं, "दादाजी का है?" एक भाभींना. मिलिंदला फोनवर सांगितलं, मी येत नाही, मला फाल्गुनात झाडाला ताण द्यायचा आहे. त्याला काही कळलं नाही. यंदा पानं गळाली तरी मी नळी उचलणार नाही, बघच तू.

आज मात्र पाणी द्यायला हरकत नव्हती. दुपारी नळी आणली, आळ्यात सोडली. आणि काय मनात आलं कोण जाणे, दर वेळेसारखी तिथे उभी न राहता आत आले. तुझ्या खोलीत, तुझ्या खाटेवर, भिंतीकडे तोंड करून पडले. खिडकी उघडी होती. आधी पाचोळ्यावर थेंब पडल्याचं टपटप, मग बुडबुडे, मग ती झुळझुळ, अगदी उशाशी. डोळे मिटले तर शिप्रेत पाय सोडून बसल्यासारखं.

दादा, इथून सगळं ऐकू येतं रे.